एका वेळी एकच बदल

रविवार

फोटोग्राफीच्या सरावासाठी मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं. आणि बटण दाबायच्या आधी, आता काय दिसेल याचा अंदाज वहीत लिहायचा. शटर (उजेड किती वेळ घ्यायचा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील राहायचं) हे आकडे फाइलमध्ये आपोआप साठतात, त्यांच्यासाठी वही लागत नाही. वही लागते ती अंदाजासाठी. फोटो आधी पाहिला की मन लगेच म्हणतं, ‘हे तर ठाऊकच होतं!’ अंदाज शाईने लिहिलेला असला की त्याला ही पळवाट राहत नाही.

आज खिडकीलगतच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, तिच्यावर पांढरा कप ठेवला, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि त्यातलं उजेड मोजणारं मीटर सांगेल तसा पहिला फोटो घेतला. कप राखाडी, चादरही राखाडी. मग चादरीच्या जागी काळी शाल ठेवली आणि कप उचलून घेतला. शाल उजळून निघाली, तीही राखाडीच्या जवळ. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं धरून मीटर चालतं. समोर कप आहे की शाल, हे ते ओळखत नाही. ते ओळखणं माझ्याकडे आलं.

पुन्हा चादर अंथरली, कप ठेवला आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, पायरी-पायरीने वाढवत नेलं. एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवल्यावर कप मळकट पांढरा दिसला. दीड स्टॉपच्या पुढे गेल्यावर तो खरोखर पांढरा झाला, तरी कानाजवळचा चकाकीखालचा बारीक खड्डा अजून दिसत होता. त्याहून वर नेलं तेव्हा खड्डा गेला, कपाची कड चादरीत विरघळली आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला जाऊन चिकटला. फोटो जळतो म्हणजे नेमकं काय, हे त्या एका खड्ड्यावरून जितकं लख्ख कळलं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळलं नव्हतं. आता पांढरं काही टिपताना माझी नजर आधी त्यावरचा खड्डा, शिवण, सुरकुती शोधते. ती शाबूत राहिली तर उजेड बरोबर.

अ‍ॅपर्चरचे आकडे ज्यांना विचित्र वाटतात त्यांनी ते एकदा कागदावर मांडून बघावेत. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरना) छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारं उत्तर. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ ला असेल तर छिद्र २५ मिलिमीटरचं, एफ/४ ला साडेबाराचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून २ वरून ४ वर येताना उजेड दोन स्टॉपने घटतो. शेजारच्या आकड्यावर जाताना तो निम्मा होतो, कारण प्रत्येक आकडा मागच्याच्या साधारण १.४ पट आहे. एवढं समजलं आणि पाठांतर संपलं. ही मांडणी मला मनापासून सुंदर वाटते.

बुधवार

संध्याकाळी नळ बारीक सोडून शटरचा सराव केला. सेकंदाच्या २०००व्या भागात धार तुटली. ओवायच्या आधीचे मणी असावेत तसे थेंब, प्रत्येकाचा आकार वेगळा, एखादा मध्येच चपटा झालेला. ६०व्या भागात काचेची कांडी दिसली. अर्ध्या सेकंदात नुसती एक गुळगुळीत, दुधट पट्टी. माझ्या डोळ्यांना दिसणारी धार यातल्या एकाही फोटोत नव्हती. तरीही तिन्ही फोटो खरे आहेत, आणि या खरेपणानेच मला या छंदाला बांधून ठेवलं आहे.

उजेडाचा हिशोबही इथेच पक्का झाला. ६० वरून २००० वर जायचं म्हणजे पाच स्टॉप, उजेड बत्तीस पटीने कमी. अ‍ॅपर्चर तेच ठेवायचं तर आयएसओ १०० वरून ३२०० वर न्यावा लागतो. नेला. थेंब गोठले, पण मागच्या भिंतीवर रवाळ दाणे उमटले. कशासाठी काय सोडायचं, हे दर वेळी आपणच ठरवायचं.

१८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र खिडकीतून घेतलं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात जवळजवळ रिकामा, कारण एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं आणि चालणारी माणसं, घोडे, गाड्या त्यात नोंदल्याच गेल्या नाहीत. राहिला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस. उलट टोकाला १८७८ मधली छायाचित्रकार मायब्रिजची, धावत्या घोड्याच्या झटपट घेतलेल्या फोटोंची मालिका. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे तिने दाखवलंच, शिवाय ते सुटतात तेव्हा पोटाखाली गोळा झालेले असतात हेही दाखवलं. चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले काढत आले होते.

दागेरचा प्रयोग घरात करून बघायचा मोह आवरला नाही. दिवेलागणीच्या सुमारास दिवा न लावता कॅमेरा कोपऱ्यात ठेवला. आयएसओ १००, एफ/१६, शटर ३० सेकंद. धाकट्या बहिणीला म्हटलं, ‘खोलीतून नुसती चालत जा, थांबू नकोस.’ अंदाज लिहिला: पुसट सावली दिसेल. फोटोत ती नव्हतीच, खोली रिकामी. मग तिला अर्धा वेळ खुर्चीत बसवलं आणि मग उठून जायला सांगितलं. ती आली, पण तिच्या अंगातून खुर्चीची पाठ दिसत होती. ‘मी भूत झाले!’ म्हणत तिने तो फोटो लगेच मागून घेतला.

शनिवार

आज चेहरा. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सने चेहरा बिघडतो असं सगळे सांगतात, म्हणून तेच तपासलं. आधी २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सने आईच्या अगदी जवळ जाऊन फोटो घेतला. नाक मोठं, कान मागे पळालेले. मग ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, चेहरा फ्रेममध्ये तेवढाच दिसेल इतकं मागे सरकून. आता नाक-कान प्रमाणात. पण इथे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, लेन्स आणि अंतर. म्हणून त्याच लांबच्या जागेवरून पुन्हा २४ लावली आणि मधला चेहरा कापून मोठा केला. बारकावे कमी, पण नाक, गाल, कान यांचं प्रमाण ८५ च्या फोटोसारखंच! म्हणजे चेहऱ्याचा आकार ठरवतं ते अंतर. लेन्स फक्त दृश्याचा किती भाग घ्यायचा ते ठरवते. वही उघडून बघितली, तिथे मी याच्या बरोबर उलट लिहिलं होतं. असा अंदाज चुकला की मला फार आनंद होतो, कारण त्या दिवशी हमखास काहीतरी नवं हाती लागलेलं असतं.

‘किती वेळ गं अजून?’ आईने विचारलं. ‘बस, थोडं खिडकीकडे सरक,’ म्हणत मी तिला काचेपासून हातभर अंतरावर बसवलं. मागची भिंत आपोआप काळवंडली. खिडकीजवळ उजेड झपाट्याने उतरत जातो, त्यामुळे चेहरा खिडकीशी आणि भिंत लांब असली की दोन्हींतला फरक वाढतो. आईला आत, भिंतीजवळ नेलं तर दोन्ही जवळपास सारख्याच उजेडात आले. खुर्ची सरकवून पार्श्वभूमी काळी किंवा उजळ करता येते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा खिडकीशी आणून सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला तेव्हा गालाखालचा काळोख थोडा भरला. जास्त जवळ धरला तर चेहरा सपाट होतो. पुठ्ठा थोडा दूरच बरा, सुरकुत्या राहू द्याव्यात. आईचंही हेच मत पडलं. तिने पुठ्ठ्याशिवायचा फोटो निवडला.

आकाश मोकळं आहे, उद्या चंद्र टिपायचा. त्याच्यावर पडलेलं ऊन आपल्या दुपारच्याच सूर्याचं आहे, म्हणून सुरुवातही दिवसाच्या आकड्यांजवळून करायची: एफ/११, आयएसओ १००, सेकंदाचा १००वा भाग. अंदाज लिहून ठेवला आहे, चंद्रावरचे डाग स्पष्ट, आकाश ठार काळं, तारा एकही नाही. तिथून पुढे फक्त शटर बदलत जायचं.