चोरी केली नव्हती, तर खेळायला बंदी का केली?

तळजाई टेकडीवर सकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात माझा नंबर येईपर्यंतसुद्धा हा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी मी तो दोन वाक्यांत उडवून लावला आहे. विचारणाऱ्यांना एवढे ठाऊक असते की मी एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले, निवृत्तीनंतर पुण्याहून गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ खेळायला जात असे आणि एका रात्री तिथे माझा खेळ थांबवण्यात आला. पुढचे प्रत्येक जण आपापल्या कल्पनेने भरून काढतो: बाहीत पत्ता लपवला असेल, पत्ते वाटणाऱ्या डीलरशी संगनमत असेल, मोबाइल वापरला असेल. यातले काहीही नव्हते. तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

मी फक्त मोजत होतो. ब्लॅकजॅकमध्ये खेळ डीलरविरुद्ध असतो: पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जास्त जवळ नेईल तो जिंकतो, एकवीस ओलांडली की डाव गेला. दुर्री ते छक्कीपर्यंतचा पत्ता उघडला की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना उणे एक. टेबलावर सहा कॅट एकत्र पिसलेले असतात आणि वाटले गेलेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीत. त्यामुळे लहान पत्ते जास्त गेले असतील, तर उरलेल्यांत चित्रे आणि एक्के जास्त उरतात. मग खेळणाऱ्याला दीडपट पैसे देणारा ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, लागण्याची शक्यता वाढते आणि सोळापर्यंत पत्ता ओढणे ज्याला सक्तीचे असते, तो डीलर जास्त वेळा फुटतो, म्हणजे एकवीसच्या पुढे जातो. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे, भागाकार वाढला की पैज वाढवायची, उतरला की कमी करायची. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्येच पत्ते मोजून कॅसिनोवर मात करता येते हे पुस्तक लिहून जगाला सांगितले होते. त्यात गुपित काहीच उरलेले नाही.

माझ्या आत्याने मला आठव्या वर्षी मेंढीकोट शिकवला. चारपैकी कोणत्या दश्श्या गेल्या, हे ज्याच्या लक्षात राहत नसे त्याला ती पुढच्या डावाला बसू देत नसे. ज्या गोष्टीसाठी आमच्या वाड्यात शाबासकी मिळत होती, तीच गोष्ट मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर गुन्ह्यासारखी वागवली जाते, याचा मला आजही संताप येतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सांगताना सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये पडलेले पत्ते लक्षात ठेवण्याचाच दाखला दिला होता. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन उस्टन या खेळाडूच्या बाजूने निकाल देताना, केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला कोणाला स्वतःहून हाकलता येणार नाही, असे म्हटले. नेवाडात मात्र, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, मोजणे बेकायदा नसले तरी कॅसिनो तुम्हाला खेळू देण्यास नकार देऊ शकतो. गोव्यात मलाही तेच सांगण्यात आले: गुन्हा नाही, पण इथे खेळायचे नाही.

आता ती रात्र. आमच्या लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस होता आणि आंबोली घाटातून उतरून आम्ही दोघे दुपारी पणजीला पोहोचलो होतो. संध्याकाळी धक्क्यावरून छोट्या होडीने बोटीवर गेलो. पत्नी वरच्या मजल्यावर गाणी ऐकत बसली आणि मी खाली टेबलावर. अकराच्या सुमारास टेबलावर मी एकटा उरलो होतो. वापरलेल्या पत्त्यांच्या ट्रेमध्ये साधारण तीन कॅटांची चळत जमली होती, म्हणजे तीन बाकी होते, आणि माझी बेरीज अधिक तेरा होती. भागाकार चारच्या वर. अशा वेळी खेळणाऱ्याचे पारडे सुमारे दीड टक्क्याने जड असते. मी दोन हजारांवरून थेट सोळा हजारांवर गेलो. मला राणी आणि नव्वी आली. डीलरसमोर छक्की होती, तिच्यावर पंजी आली आणि पंजीवर राजा. एकवीस. माझे सोळा हजार गेले. बेरीज अजूनही तेराच होती, म्हणून मी पुन्हा सोळा हजार लावले. डीलरने पत्ता काढण्यासाठी हात पुढे नेला, माझ्या खांद्यामागे पाहिले आणि हात मागे घेतला.

मागे कोट घातलेला तिशीतला एक मुलगा उभा होता. बोलण्याच्या हेलावरून सावंतवाडीकडचा वाटला. तो अतिशय अदबीने म्हणाला, "सर, तुम्हाला ब्लॅकजॅक आता बंद. रूले खेळा, बॅकरॅट खेळा, जेवण घ्या, काही अडचण नाही." मी म्हटले, "अहो, मी अडतीस हजार हरलोय." तो म्हणाला, "माहीत आहे, सर."

त्याचे हे तीन शब्द मी अजून विसरलेलो नाही. छतावरच्या कॅमेऱ्यामागे बसलेल्या माणसाला मी जिंकतो की हरतो याच्याशी कर्तव्य नव्हते. तोही माझ्याबरोबर मोजत होता आणि त्याची बेरीज चढली की माझी पैज चढते, हे त्याने अचूक ओळखले होते. सोळा हजारांवर दीड टक्का म्हणजे सरासरीने दोनशे चाळीस रुपये. एका डावातला चढउतार मात्र अठरा हजारांच्या आसपास. हजारो डाव खेळल्याशिवाय त्या दोनशे चाळीस रुपयांचे दर्शन होत नाही आणि ते हजारो डावच मला नाकारले जात होते. जिथे मी खात्रीने हरेन ते सगळे खेळ मला मोकळे होते, हा माझा खरा राग आहे, आणि तो मी मागे घेत नाही.

पण तेवढ्यात पत्नी जिन्यावरून खाली आली. तिने त्या मुलाचे बोलणे ऐकले, माझ्याकडे पाहिले आणि तुमचाच प्रश्न सर्वांत आधी तिने विचारला: "अहो, काय केलंत तुम्ही?" मी घाईघाईने अधिक एक, उणे एक सांगू लागलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग टेबलावरच्या व्हिस्कीच्या ग्लासाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तुम्ही तर घेत नाही. मग हा कशाला?"

तो ग्लास सोंगाचा होता. बर्फ वितळून तो काठोकाठ भरला होता. मोजणारा माणूस एकाग्र दिसतो, म्हणून मी जरा मोठ्याने बोलत असे, डीलरला बावळट शंका विचारत असे आणि ग्लास हातात धरून बसत असे. तेव्हाचा मी म्हणत असे की सोंग हे बचावाचे साधन आहे, समोरच्याने दिवे आणि फुकट दारू यांचा सापळा लावलेला असताना आपण का उघडे पडायचे? हा युक्तिवाद मला अजूनही बराचसा पटतो. मात्र माझ्या मोजण्यात लपवण्यासारखे काही नाही, असे जो माणूस तुम्हाला तळजाईवर ठणकावून सांगतो, त्याने तीन वर्षे ते लपवण्यासाठी मेहनत घेतली होती, हेही खरे आहे.

आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गोव्याच्या प्रत्येक फेरीचा हिशेब मी एका लांब वहीत ठेवत असे: तारीख, तास, सर्वांत छोटी आणि मोठी पैज, जमा-खर्च, शेरा. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती वही पत्नीच्या हाती लागली. तिने ती खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचली. एकूण बेरीज उणे होती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. शेऱ्याच्या रकान्यात, तिच्याबरोबर केलेल्या चारही फेऱ्यांपुढे, माझ्या अक्षरात लिहिलेले आहे: "सौ. सोबत. संशय कमी."

तिने वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली आणि माळ्यावरचे डबे मागितले. पस्तिसाव्या वाढदिवसाची फेरी त्या चारांतली शेवटची. त्या वेळी गोव्याला जाण्याचे मी आधी ठरवले होते की वाढदिवस साजरा करण्याचे, हे मला प्रामाणिकपणे आठवत नाही, आणि तिने ते अजून विचारलेले नाही.