दोन पाऊण दीड

बुधवारी राणीची बाग बंद असते. मला हे लहानपणापासून माहीत आहे. तरीही मे संपता संपता, नेमक्या बुधवारी, मी दोन्ही मुलांना घेऊन भायखळ्याच्या त्या बंद फाटकासमोर उभी होते. धाकट्याने पेंग्विनसाठी घरून निघताना कागदी मासा बनवून घेतला होता. तो त्याने फाटकाच्या सळ्यांमधून आत टाकला आणि रडायला लागला. ऊन असं की पदपथावर टेकलं तरी चटका बसत होता.

चूक माझीच होती आणि ती घाईतून झाली होती. शाळा पंधरा जूनला. गावी जाऊन आलो, आंबे खाल्ले, आणि मग मुंबईत परतल्यावर दोन आठवडे मुलं घरातच होती. खाली खेळायला सोडावं तर गाड्या लावून लावून आमच्या सोसायटीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. मग एकदम हिशेब सुरू झाला: इतके दिवस उरले, मुलांनी सुट्टीत काय केलं, शाळेत बाई विचारतील तेव्हा काय सांगतील. त्या घाईत मी त्यांना एका मॉलमधल्या खेळघरातही नेलं. तासाचे प्रत्येकी सहाशे रुपये, मोज्यांचे वेगळे, आणि आईवडिलांनी काचेबाहेर बसायचं. थोरली बाहेर येऊन म्हणाली, "आई, आत वास येत होता." तिचं खरं होतं. बंद खोलीतल्या प्लॅस्टिकचा आणि घामाचा वास काचेबाहेरही येत होता.

शुक्रवारी रजा टाकून पुन्हा राणीच्या बागेत गेलो. हम्बोल्ट पेंग्विनसाठी रांग, रांगेत ढकलाढकली, काचेसमोर मिळालं अर्धं मिनिट. मुलांना खरा आवडला तो शेजारच्या संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती, घारापुरीहून आणलेला. त्याच्यासमोर कोणीच थांबत नव्हतं.

त्या रात्री जेवताना माझे वडील, मुलांचे आबा, म्हणाले, "चौपाटीला नेलं नाहीस का यांना?"

मी म्हटलं, "बाबा, चौपाटीला आता काय आहे? गर्दी आणि कचरा. तारापोरवाला मत्स्यालयही बंद." हे बोलताना मला वाईट वाटलं, कारण आमच्या सुट्टीचा शेवट दर वर्षी तिथेच व्हायचा. आम्ही तेव्हा गिरगावातल्या चाळीत राहायचो. शाळेच्या आधीच्या रविवारी बाबा मला चालत न्यायचे. १९५१ सालची ती इमारत, आतला गार अंधार, हिरव्या उजेडात सरकणारे मासे. ते गेली काही वर्षं बंद आहे आणि माझ्या मुलांनी ते पाहिलेलंच नाही.

बाबा म्हणाले, "कधी जातेस ते सांग. संध्याकाळी जातेस. तेव्हा सगळं शहर तिथे असतं. समुद्र बघायचा तर ओहोटीला जावं, तेही सकाळी." आणि थोरलीला म्हणाले, "जा, कालनिर्णय काढून आण."

भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरून ताटांशेजारी आलं. वटपौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. बाबांनी बोट पुढे नेलं. पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया. "द्वितीया म्हणजे दोन. दोनाला पाऊणने गुण."

थोरली गप्प. ती चौथीत जाणार आहे, तिचे पाढे पाठ आहेत, पण पाऊणने कोण गुणतं? बाबांनी लगेच म्हणायला सुरुवात केली, आणि मला त्यांचा तो आवाज कित्येक वर्षांनी ऐकू आला. एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे सगळं त्यांनी पाटीवर घोकलेलं. मला त्यातलं काहीच येत नाही, आणि त्या रात्री ते फार जाणवलं.

"दोन पाऊण दीड. म्हणजे द्वितीयेला भरती दीड वाजता. दुपारीही आणि रात्रीही."

"आणि ओहोटी?"

"भरतीतून सहा तास काढ, वर दहा-बारा मिनिटं. सांग."

तिने बोटांवर मोजलं, मग डाळीच्या वाटीशेजारी बोटाने आकडे काढले. "सव्वासात. आबा, सव्वासात! पण समुद्राला कसं कळतं कालनिर्णय?"

मग बाबांनी ताट सारून तिथेच चंद्र आणि पृथ्वी मांडली. चमचा, लिंबाची फोड, पाण्याचा पेला. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊणकीत पंचेचाळीस मिनिटं धरली जातात, म्हणून हिशेब थोडा मागेपुढे होतो. पण होडी काढायला, जाळं टाकायला तेवढा पुरतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा समुद्र जेमतेम हलतो. हे बाबांना चाळीतल्या एका शेजाऱ्याने शिकवलं होतं, जो होडीवर जायचा. मी त्यांची मुलगी, चौपाटीपासून दोन गल्ल्यांवर वाढले आणि मला हे कधी कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

द्वितीयेला, शाळेच्या बरोबर दहा दिवस आधी, पहाटे पावणेपाचला मुलुंडहून लोकल पकडली. धाकटा नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेला, थोरली आबांच्या शेजारी खिडकीत. दादरचा पूल मी इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. पश्चिमेच्या गाडीने चर्नी रोड, पादचारी पुलावरून पलीकडे उतरलो तेव्हा उजाडत होतं. पाऊस यंदा उशिरा होता. हवा अशी दमट की कपडे अंगाला चिकटत होते, पण ढग उंच होते आणि वारा पडलेला. टिळकांच्या पुतळ्याला मुलांनी नमस्कार केला. १ ऑगस्ट १९२० ला इथेच त्यांच्या चितेला अग्नी दिला, हे बाबा प्रत्येक वेळी सांगतात, त्या दिवशीही सांगितलं.

आणि मग आम्ही वाळूच्या कडेला आलो आणि थांबलो. समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण खूप लांब. रोज जिथे लाटा फुटतात तिथून पुढे ओली, काळसर वाळू पसरलेली, तिच्यातून खडक वर आलेले. संध्याकाळी भेळ खात आपण ज्या पाण्याकडे बघतो त्याच्याखाली हे सगळं असतं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मी इथे शेकडो वेळा आले असेन. हे पाहिलं नव्हतं.

थोरलीने पहिलं काम केलं ते काठी शोधण्याचं. पाण्याची कड जिथे होती तिथे ती काठी रोवली आणि आबांचं घड्याळ मागून घेतलं. सहा पन्नास. पाणी काठीपासून मागे मागे जात होतं. तिने दुसरी काठी रोवली. मग तिसरी. "अजून जातंय, आबा."

धाकटा तोवर जागा झाला होता. पायाखाली वाळूच्या मिरीएवढ्या गोळ्या पसरलेल्या होत्या, हजारोंनी, प्रत्येक बिळाभोवती फुलासारख्या मांडलेल्या. "कोणी केल्या?" आम्ही सगळे उकिडवे बसून स्तब्ध राहिलो. मिनिटभराने एका बिळातून नखाएवढा खेकडा वर आला, वाळू तोंडात घातली, खाण्याजोगं ठेवून घेतलं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकली. धाकटा इतका वेळ गप्प बसलेला मी क्वचितच पाहिला आहे.

खडकांच्या खोलगटात पाणी राहिलं होतं. तिथे शंख चालत होते, कारण आत उपरे खेकडे होते. एका खाचेत समुद्रफूल, त्याच्यावर सावली पडली की मिटणारं. चिंचेच्या पानाएवढे मासे. बाकी काय काय होतं त्याची नावं मला येत नाहीत. एक कॉलेजातली मुलगी वही घेऊन एकटीच फिरत होती, तिने आम्हाला वाळूची एक वाकडी पट्टी दाखवली. मी ती रबराचा तुकडा समजून बाजूला करणार होते. ती एका गोगलगायीची अंडी होती, वाळूत घट्ट बसवलेली. "यात हजारो असतात. उचलू नका, काकू," ती म्हणाली. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट लोकांना अशा फेऱ्यांना नेतो, हेही तिनेच सांगितलं.

कचरा होता, तोही सांगायला हवा. निर्माल्याच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, चपला, थर्माकोल. एका खडकाच्या खाचेत बाटलीचं झाकण होतं आणि एक खेकडा शंख म्हणून त्या झाकणाकडे वळत होता. थोरलीने झाकण उचलून खिशात घातलं. पुढचा काही वेळ ती झाकणंच गोळा करत होती. शेवटी ती माझ्या पिशवीत आली, एकोणीस.

सात वाजून दहा मिनिटांनी ती ओरडली. "थांबलं!"

आम्ही सगळे तिच्या काठीजवळ गेलो. पाणी काठीला टेकून उभं होतं. पुढे नाही, मागे नाही. छोटी लाट यायची, काठीशीच विरायची. पाच मिनिटं. आठ. वाराही नव्हता. कोणी बोलत नव्हतं, धाकटासुद्धा. मग एक लाट काठी ओलांडून बोटभर पुढे आली. पुढची चार बोटं.

"सव्वासात!" थोरली आबांचा हात धरून उड्या मारू लागली. "आबा, सव्वासात! दोन पाऊण दीड!"

बाबांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले ऊन लागतंय. ऊन तोवर नीट आलेलंही नव्हतं. चाळ पाडल्याला बरीच वर्षं झाली, तो होडीवरचा शेजारी कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. आणि इथे नऊ वर्षांची मुलगी त्याचा हिशेब ओरडून सांगत होती.

मला तिथून हलायचं नव्हतं, पण पाणी वळलं की परत फिरायचं असं बाबांनी आधीच बजावलं होतं, आणि जूनच्या समुद्राशी मी वाद घालत नाही. निघताना धाकटा मागे मागे रेंगाळू लागला. त्याने पाण्याची बाटली पोटाशी धरली होती. मी मागितली तर देईना. आत शंखातला खेकडा होता. बाईंना दाखवायचा होता. पहिलीचा पहिला दिवस, सगळ्यांना दाखवायचा होता.

मी रागावणार होते. एकीकडे पाणी चढत होतं, दुसरीकडे त्याच्या अंगठ्याला कालवांची धार लागून रक्त येत होतं, कारण मी त्याला सुळसुळीत स्लिपर घालून आणलं होतं. पट्ट्याची चप्पल हवी होती. बाबा मात्र खाली वाळूत बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नाही, तरी बसले. म्हणाले, "याची शाळा कुठली?"

धाकट्याने समुद्राकडे बोट दाखवलं.

"मग त्याची शाळा बुडवायची का?"

तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. पाणी आमच्या घोट्याशी आलं. मग त्याने स्वतः झाकण उघडलं, बाटली आडवी केली. खेकडा बाहेर आला आणि अंग शंखात ओढून घेऊन तसाच पडून राहिला. तो चालेपर्यंत आम्ही हललो नाही. चालला तेव्हा धाकट्याने हात हलवून निरोप दिला आणि मग माझ्या कुशीत तोंड खुपसून रडला. ते बुधवारचं रडणं नव्हतं. मी त्याला गप्प केलं नाही.

नंतर काय केलं ते थोडक्यात: मिसळ खाल्ली, गिरगावात बाबांची चाळ होती ती जागा पाहिली, तिथे आता मनोरा आहे, दहाच्या गाडीने घरी आलो आणि चौघं दुपारभर झोपलो. बाबा झोपले नाहीत.

उरलेल्या दिवसांत आम्ही कुठेही गेलो नाही. पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, रेनकोट काढून वाळवले, दोघांचे केस कापले. थोरली रोज सकाळी उठून कालनिर्णयासमोर उभी राहायची आणि मोठ्याने भरती सांगायची. मुलुंडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. अष्टमीला म्हणाली, "आज भांग. आज समुद्राला सुट्टी." पाऊणकी तिला दहापर्यंत पाठ झाली आहे, आणि मला सातपर्यंत. बाबा माझीही घेतात, रात्री भांडी घासताना.

चौथीच्या गणिताच्या पुस्तकाला कव्हर घालताना मी आतल्या पानावर तिचं नाव लिहायला घेतलं तर तिथे आधीच तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: १५ जून. द्वादशी. बारा पाऊण नऊ. भरती नऊ वाजता.

खाली छोट्या अक्षरात: तेव्हा आम्ही वर्गात असू.