राखेची वीट पावसात टिकेल का?

इंदूरमध्ये बांधकामांवर देखरेख करण्याचा माझा व्यवसाय असल्याने, घर बांधायला काढलेली ओळखीची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: राखेची वीट चार पावसाळ्यांत विरघळणार तर नाही ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या शंकेमागे चुलीतली राख असते. विटेतली राख मात्र औष्णिक वीजकेंद्रातली असते. दगडी कोळशाचे पीठ करून जाळल्यावर धुराबरोबर उडणारी आणि धुराड्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडवली जाणारी. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा 30 ते 40 टक्के असल्यामुळे तिचे डोंगर साचतात. तिच्यात मुख्यतः सिलिका (वाळूतला मुख्य घटक) आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) असतात. ती एकटी घट्ट होत नाही. पण चुना आणि पाणी मिळाले की सावकाश रासायनिक क्रिया होऊन सिमेंटमध्ये तयार होतो तशाच जातीचा बंधक पदार्थ तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. मातीच्या विटेला सुमारे 1000 अंशांची भट्टी लागते, हिला लागत नाही.

माळव्याला तर ही वीट विशेष सोयीची आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना तडकते, म्हणून नुसत्या तिची चांगली वीट पाडणे अवघडच. शिवाय सोयाबीन-गव्हाच्या शेताचा वरचा थर खणून भिंतीत घालणे मला पटत नाही. राख निमाडातून, खंडव्याकडच्या सिंगाजी किंवा खरगोनच्या सेल्दा येथील वीजकेंद्रातून येऊ शकते आणि विटेत मिसळायची काळ्या दगडाची चुरी इथल्या क्रशरवर पडूनच असते. दुसरा पर्याय भाताच्या तुसाच्या राखेचा. तिच्यात 85 ते 90 टक्के सिलिका असली, तरी तूस फार तापवून जाळल्यास ती निष्क्रिय होते. आणि भातगिरण्यांपासून दूर असलेल्या आपण हलका, जागा व्यापणारा तूस ट्रकने आणवावा, हे काही मला शहाणपणाचे वाटत नाही.

राखेच्या विटेविषयीच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यांतल्या बहुतेकांचे कारण अपुरी तराई, म्हणजे वीट पाणी मारून पुरेसे दिवस ओली न ठेवणे, हे असते. चुन्याची क्रिया संथ असल्याने विटेला दोन-तीन आठवडे ओल मिळावी लागते, परंतु मागणी वाढली की तराई पुरी न झालेला मालच गाडीत भरला जातो. असा माल भिंतीत आकसतो आणि गिलाव्याला बारीक चिरा पडतात. म्हणून खरेदीपूर्वी वीट पाडल्याची तारीख विचारा, कडा नखाने खरवडून पाहा आणि एक वीट कोरडी असताना वजन करून 24 तास पाण्यात बुडवा. नेहमीच्या वापरातल्या विटेने स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, ही भारतीय मानकाची अट मातीच्या विटेलाही आहे. विक्रेता तारीख सांगायला टाळाटाळ करू लागला, तर भाव कितीही कमी असो, त्याच्याकडून माल उचलू नका.