कोणत्या शतकातलं?

स्वीडनमधल्या गोटलंड बेटावरच्या विस्बी शहरात मध्ययुगीन जत्रा भरते, तिथल्या बाजारातली ती बाई मनाने चांगली होती, हे आधी लिहून ठेवते. स्वतः पायघोळ झगा घातलेला, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं, लिननचं कापड विकत बसली होती. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बघितलं आणि उठून उभीच राहिली. पुढून निऱ्या बघितल्या, मागून काष्टा बघितला. हात लावायच्या आधी नजरेनंच 'चालेल ना' विचारलं. शिवण कुठे आहे ते शोधत होती. शिवण नाहीच, आठ मीटरच्या वरचं एकच सलग कापड आहे, हे सांगितल्यावर तिनं शेजारच्या दुकानातल्या बाईलाही बोलावून घेतलं. आणि मग विचारलं, "हे कोणत्या शतकातलं?"

माझा नवरा मंदार म्हणाला, "एकविसाव्या."

दोघी मनापासून हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

झालं ते इतकंच. तरी परतीच्या बोटीत न्यूनेसहाम्न बंदर येईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही, आणि आता सगळे झोपलेत तरी मी जागी आहे.

त्या बाजारात हा प्रश्न म्हणजे कौतुकच, हे मला कळतं. ऑगस्टच्या त्या आठवड्यात निम्मं विस्बी जुन्या वेषात फिरत असतं, 1984पासून हे चालू आहे. तिथे कोण किती नेटकं नटलंय, शिवण हाताची की मशिनची, लोकर कुठल्या झाडपाल्यात रंगवली, यावर मोठी माणसं तासन्‌तास बोलतात. मला ते आवडतं. म्हणून तर सगळा जून मी आमचे कपडे शिवण्यात घालवला. सईच्या झग्याला चेन नको, नाडीच हवी म्हणून उसवून पुन्हा शिवला. आईंनाही विचारलं होतं, तुमच्यासाठी शिवू का? "मला कशाला? माझं हाय की," म्हणाल्या.

तेच तर. त्यांचं आहे. आम्ही तिघं नटून गेलो होतो. आई सकाळी उठून रोजच्यासारखं लुगडं नेसल्या होत्या. बोटीचं तिकीटसुद्धा ओच्यात खोचलेलं. वारा सुटला म्हणून पदर डोक्यावरून घेतला, तर त्याचंही कौतुक झालं, कारण तिकडेही तेव्हा लग्न झालेल्या बायका केस झाकायच्या. जिवंत बाई समोर उभी आहे आणि तिला विचारायचं कोणत्या शतकातली!

नाही, तिला नाही, लुगड्याला विचारलं. पण मला ते वेगळं करता येत नाहीये.

दुपारी संग्रहालयात गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं. 1361च्या जुलैत डेन्मार्कचा राजा वाल्देमार चालून आला. गोटलंडचे शेतकरी शहराच्या तटाबाहेर लढले आणि सुमारे 1800 जण तिथेच मेले. त्यात पोरं होती, म्हातारे होते, अपंग होते. शहराच्या वेशी बंद राहिल्या आणि नंतर शहर शरण गेलं. उन्हाळा होता, प्रेतं अंगावरच्या चिलखतांसकट खड्ड्यांत पुरली. विसाव्या शतकात उकरली, तेव्हा जवळजवळ 1200 माणसांची हाडं निघाली. काचेमागे एक कवटी आहे, लोखंडी कड्यांची टोपी अजून तिच्यावर घट्ट बसलेली. कडी गंजून एकमेकांना चिकटलीत. सईनं विचारलं, "ह्यानी टोपी का नाही काढली?" मंदारनं काहीतरी सांगितलं. मी त्या टोपीकडे बघत राहिले. बाहेर बाजारात तशाच टोप्या विकायला होत्या, मुलांच्या मापाच्यासुद्धा. त्या दिवशी सकाळी त्या माणसानंही ती जत्रेसाठी चढवली नव्हती.

मग रात्री बोटीत, सगळ्यांवर रुसून झाल्यावर, माझं कपाट आठवलं. त्यात शिवलेली नऊवारी आहे, नाडी ओढली की झालं. गणपतीत मिरवणुकीला घालते, फोटो काढते, पुन्हा घडी करून ठेवते. माझ्या आईनं सहावारीच नेसली, तिच्या आईचं लुगडं गोधडीत गेलं. सासरच्या गावी आईंच्या वयाच्या चार-दोन बायका सोडल्या तर रोज कोण नेसतं? जावा तर दिवसभर गाऊनवर असतात. त्या स्वीडिश बाईनं निदान शिवण शोधली. मी या घरात इतकी वर्षं आहे, पण ओचा कसा धरतात ते मी कधी नीट पाहिलंही नाही.

तिचा प्रश्न अजून बोचतो. पण तिच्यावर रागवावंसं आता वाटत नाही. पुढच्या वेळी त्याच दुकानातून लिनन घेईन, चांगलं होतं.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं, मंदारचं उत्तर नि त्या दोघींचं हसणंसुद्धा. त्या पाय चेपत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, एवढं आवडलं हुतं तर द्यायचं हुतंस की तिला एक. चार आणल्यात मी." मग जरा वेळानं, "पर तिला नेसायला कोण शिकवणार?"

उद्या सकाळी सातला इमारतीतल्या धुलाईखोलीत आमची पाळी आहे. लिननचे झगे नि लुगडं एकत्र टाकू नको, रंग जातो, असं बजावून त्या झोपायला गेल्या. झाल्यावर नेसायला शिकवा म्हणणार आहे. आठ मीटर कापड सावरायला आमची बैठकीची खोली पुरेल की नाही कोण जाणे, टेबल सरकवावं लागेल.