३९६ जिंकल्या, १ हरला

आज सुट्टी होती, कपाट आवरायचं ठरवलेलं, पण सकाळी यूट्यूबवर युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्कोची एक फाईट लावली आणि दिवस तिथेच गेला 😅

अमॅच्युअरमध्ये, म्हणजे प्रोफेशनल होण्याआधी, ३९६ जिंकल्या आणि फक्त एक हरला, २००७च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, सेलिमोवकडून, आणि पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यालाच हरवून वर गोल्ड नेलं, मग २०१२ला लंडनमध्ये दुसरं. लहानपणी बापानेच त्याला बॉक्सिंग थांबवून युक्रेनियन नाच शिकायला पाठवलेलं म्हणे. पाय बघा ना त्याचे! समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून एक छोटं पाऊल, की हा थेट त्याच्या कुशीला, आणि तो बिचारा अजून समोरच शोधतोय.

पण मी दोनदा बघितली ती हरलेली फाईट. २०१४, प्रोमधली दुसरीच मॅच आणि थेट वर्ल्ड टायटलसाठी, समोर तोवरचा चॅम्पियन सालिदो, जो ठरलेल्या वजनातच बसला नव्हता म्हणजे जिंकला तरी बेल्ट मिळणार नव्हता, तरी उतरला आणि बारा राऊंड नुसता धक्काबुक्की, कमरेखाली ठोसे, रेफरी आपला बघतोय. ऑलिम्पिकमध्ये तीन राऊंडमध्ये विषय संपतो, इथे बारा. शेवटच्या राऊंडला लोमाने त्याला जवळजवळ झोपवलाच होता, पण उशीर झाला, स्प्लिट डिसिजनने हरला.

आणि चार महिन्यांच्या आतच, तिसऱ्याच मॅचला, गॅरी रसेलला हरवून वर्ल्ड चॅम्पियन!

कपाट तसंच आहे. आता लोपेझवाली लावतोय, हरतो माहितीये तरी.