इतवारी ते छिंदवाडा: छोट्या लाइनचा घाट आणि सहा आसांचं डिझेल

नागपूरच्या इतवारी स्टेशनहून छिंदवाड्याला आता ब्रॉडगेजची गाडी जाते. मी ती पकडतो ते खिडकीतून जुन्या छोट्या लाइनच्या खुणा शोधण्यासाठी. रुळांमधलं अंतर (गेज) ७६२ मिमी असलेली ही नॅरोगेज लाइन बंगाल नागपूर रेल्वेनं टाकली, १९१३ मध्ये ती सुरू झाली आणि २०१५ च्या अखेरीस बंद पडली. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलंच, पण पॅसेंजरला सहा-सात तास लागत. गाडी संथ का होती, हे इंजिनापासूनच समजून घ्यावं लागतं.

निघण्याआधी नागपुरातल्या मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघून घ्यावं. कडबी चौकाजवळचं हे संग्रहालय २००२ मध्ये उघडलं. सगळ्यांचे पाय वाफेच्या इंजिनाकडे वळतात आणि ते योग्यच आहे. पण शेवटची काही दशकं या लाइनचा भार डिझेल इंजिनांनी वाहिला आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. शेजारीच मोतीबागचा कारखाना आणि शेड. सातपुड्यातल्या नॅरोगेज गाड्यांची देखभाल इथून होत असे.

इथलं डिझेल म्हणजे झेडडीएम-४ए नावाचं इंजिन. चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेलं, ७०० अश्वशक्तीचं. आत माक या जर्मन कंपनीच्या आराखड्याचं सहा सिलिंडरांचं इंजिन. त्याची ताकद चाकांपर्यंत पोचवायला विजेच्या मोटारी नाहीत. तेलातून ताकद पोचवणारं हायड्रॉलिक ट्रान्समिशन आणि तिथून प्रत्येक बोगीकडे, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याकडे, जाणारे कार्डन शाफ्ट (सांधे असलेले फिरते दांडे). हे ट्रान्समिशन भारतीय रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी शोधलेलं. गाडी सुटताना आणि कमी वेगात तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर काम करतो, वेग आला की थेट जोडणी बसते. कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी ताकद थेट जोडणीत वाचते, म्हणून डिझेलही वाचतं. आपल्या माणसाची इतकी मोठी कामगिरी आपल्याच रेल्वेप्रेमींना माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं.

इंजिनाची चाकं मोजा. प्रत्येक बोगीत तीन आस (चाकांची जोडी जोडणारे दांडे): दोन ओढणारे आणि बाहेरच्या टोकाला एक नुसता वजन पेलणारा. आधीचं झेडडीएम-३ चार आसांचं होतं. ते वजन हलक्या रुळांना झेपेना, म्हणून पुढच्या आराखड्यात दोन आस वाढवले. साधारण ३९ टन सहा आसांवर वाटलं की आसामागे साडेसहा टन येतात. रूळ वाचले. मात्र ओढणाऱ्या चार आसांवर २६ टनच उरले आणि पकड मिळते ती तेवढ्याच वजनाची.

सावनेर, केळोद, लोधीखेडा हा पट्टा सपाट. सौंसरला संत्र्यांच्या बागा लागतात. राज्य मध्य प्रदेशचं, पण फलाटावर मराठी तितकीच ऐकू येते. या भागात गाडी धीमी असायची ती थांब्यांमुळे आणि वेगमर्यादेमुळे. इंजिनाची खरी परीक्षा रामाकोना, भीमालगोंदी सोडल्यावर, सिल्लेवानीच्या डोंगरात. छिंदवाडा नागपूरपेक्षा साडेतीनशे मीटरहून अधिक उंच आहे आणि ती चढण बरीचशी याच टप्प्यात.

समजा डबे १५० टनांचे आणि चढ शंभरास एक, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. इंजिन धरून वजन १८९ टन. चढापायी टनामागे १० किलो आणि चाकांच्या घर्षणापायी धरा ५ किलो, म्हणजे ओढायला २८०० किलोच्या वर जोर हवा. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी मिळाली तर २६ टनांवर साडेसहा हजार किलो. काहीच अडचण नाही. पण घाटात सागाचं जंगल आहे. पानं रुळावर पडून चाकाखाली चिरडली, वर पावसाची भुरभुर आली की गुळगुळीत थर बसतो आणि पकड दहाव्या हिश्शावर येऊ शकते. मग हाती उरतात २६०० किलो. चाकं जागीच फिरू लागतात. ७०० अश्वशक्ती असूनही गाडी हलत नाही, कारण ताकद रुळापर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय वाळूचा. वाळू चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाळू पाइपच्या तोंडाशी चिकटते आणि नेमकी गरज असते तेव्हा पडत नाही. वाळू चाक घसरायच्या आधी सोडायची. घसरत असताना सोडली तर अचानक पकड मिळते आणि तो झटका कार्डन शाफ्टच्या सांध्यांवर बसतो. म्हणून आधी थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) कमी करायचा, चाक शांत झालं की वाळू, मग हळूहळू जोर.

दुसरा धोका उष्णतेचा. चढावर गाडी अगदी मंद झाली की कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं. गाडी उभीच राहिली आणि थ्रॉटल उघडाच ठेवला तर इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. तेल गार करायचं काम शेवटी रेडिएटरकडेच येतं. त्याच्या जाळीत धूळ, पाचोळा अडकला असेल तर तापमान आणखी लवकर चढतं. जाळी शेडमध्येच साफ करून निघणं हाच इलाज. कार्डन शाफ्टचं ग्रीसिंग आणि त्याच्या टोकांच्या जोडकड्यांचे (फ्लँजचे) बोल्ट हेही असंच काम. ढिला बोल्ट आधी थरथरीतून कळतो. दुर्लक्ष केलं तर शाफ्ट सुटून रुळावर लोंबू शकतो.

कुकडीखाप्याचा धबधबा याच डोंगरात आहे. पावसाळ्यात तिथं जाणाऱ्यांनी आसपासच्या जुन्या दगडी मोऱ्या आणि अरुंद कटिंगही बघावीत. नॅरोगेज तीव्र वळण घेऊन डोंगराच्या कडेकडेनं जायची. ब्रॉडगेजला खोल कटिंग आणि उंच पूल लागले. भीमालगोंदी ते भंडारकुंड हा टप्पा गेज बदलताना सर्वांत शेवटी पुरा झाला, यात नवल नाही.

उतरतीला प्रश्न ब्रेकचा. डबे व्हॅक्यूम ब्रेकचे, म्हणजे पाइपातली हवा काढलेली असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. ब्रेक लावला की पाइपात हवा शिरते. सोडायचा तर एक्झॉस्टर या पंपानं ती पुन्हा ओढून काढावी लागते आणि त्याला वेळ लागतो. उतारावर घाईनं लाव-सोड केली की पुढच्या वेळी पुरेसा व्हॅक्यूम उरत नाही. शहाणा चालक वेग वाढायच्या आधीच हलका ब्रेक धरून ठेवी. एखादा होजपाइप चिरला तर व्हॅक्यूम टिकत नाही, ब्रेक चाकांना लागून राहतात आणि चाकं तापून करपल्याचा वास येतो.

अशीच दुसरी नॅरोगेज, नागपूर-नागभीड ही उमरेड, भिवापूरवरून जाणारी लाइन २०१९ च्या अखेरीस थांबली आणि तिथंही ब्रॉडगेजचं काम महारेल या रेल्वे बांधणाऱ्या कंपनीनं हाती घेतलं. जुन्या भरावावरच नवा भराव चढतो, त्यामुळे मोऱ्या, मैलदगड आणि छोटी स्टेशनघरं झपाट्यानं जातात. फोटो काढायचे असतील तर मोऱ्यांवर कोरलेलं साल आणि क्रमांक आधी टिपा. चौथऱ्यावर ठेवलेलं डिझेल दिसलं तर खाली वाकून दोन बोगींमधले शाफ्ट जागेवर आहेत का तेही बघा. रंगरंगोटीपेक्षा ते महत्त्वाचं आहे.