कीर्तन आधी की जेवण?

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक मेळावा कापणीच्या सणाला जोडून भरतो. प्रार्थना, स्वागत, पाहुण्यांना शाल, अहवाल, हिशेब हे सगळं दरवर्षी तेच. अहवाल मीच वाचतो, त्यामुळे त्यात ऐकण्यासारखं काही नसतं हे खात्रीने सांगू शकतो. मी वाट बघत असतो ती दुपारच्या कीर्तनाची.

ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की बाहेरच्यांना नवल वाटतं. नगरकडे ते जुनंच आहे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ते इथे रुजवलं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही कीर्तनं केली. आमचे बुवा निवृत्त मास्तर. आख्यानं त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, पण माझं आवडतं एकच: बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. यरुशलेमहून परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) आणि शास्त्री येतात आणि काय बघतात, तर येशूचे शिष्य हात न धुता जेवताहेत! जेवणाआधी हात धुवायचे, हा वाडवडिलांचा संप्रदाय. येशू उत्तर देतो यशया संदेष्ट्याच्या शब्दांत: हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, परंतु त्यांचे अंतःकरण माझ्यापासून दूर आहे.

इथून बुवा त्याच अध्यायातल्या ‘कुर्बान’वर, म्हणजे देवाला वाहिलेल्या अर्पणावर येतात. उपरणं डोक्यावरून घेतलं की ते म्हातारी आई, खांद्यावर टाकलं की लेक. आई औषधाला पैसे मागते. लेक हात जोडून म्हणतो, “आये, तुला द्यायचं ते देवाला वाहिलं गं. कुर्बान!” आई म्हणते, “बरं बाबा, देव तरी खाईल.” बायका आधी हसतात, मग एकेक पदर डोळ्याला लागतो. माझंही तेच होतं, दरवर्षी.

मग जिरं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातले परूशी पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाला देत. बुवा तळहातावर जिरं घेऊन मोजायला बसतात: नऊ दाणे घराला, एक देवाला, नऊ घराला, एक देवाला. मोजता मोजता मध्येच भिकारी येतो, तर त्याला “थांब, हिशेब चुकेल!” मात्र बुवा नियमांची टिंगल करून सुटत नाहीत. न्याय, दया, विश्वास आधी, पण दशांशही सोडायचा नव्हता, असंच येशू म्हणाला, हे ते ठासून सांगतात. आमचे खजिनदार तेवढ्यापुरती मान डोलावतात.

आता मनातलं बोलतो. वर्षभरात एक रविवार न चुकवणारी, उपासकाळात चहासुद्धा सोडणारी आमची काही मंडळी जेवण उरकलं की गाड्यांना किक मारतात. मंडप अर्धा रिकामा. पुढच्या सतरंजीवर मात्र शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा दरसाल असतात. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, रजिस्टरात नाव नाही, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) वेळी ते आपणहून बाहेर जाऊन बसतात. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य येऊ शकत. तेव्हाही पुष्कळांना ते रुचलं नव्हतं. मला विचाराल तर आमच्या हजेरीत पहिलं नाव त्या आजोबांचं हवं. पंचकमिटीला हे अजून पटलेलं नाही.

आभार. नावं घेत नाही, कारण गेल्या खेपेला एक नाव सुटलं आणि ते प्रकरण नाताळपर्यंत चाललं. पेटीवाले, तबलजी, झांजवाली पोरं, सतरंज्या देणारे हेडमास्तर, वेळेवर टँकर आणणारे भाऊ, भाकऱ्या थापणाऱ्या महिला मंडळाच्या सगळ्या जणी (सगळ्या!), आमटीवाले आचारी, लाइट गेल्यावर जनरेटर ओढत आणणारी तरुण संघाची दोन पोरं, लहानग्यांना सांभाळणाऱ्या शब्बाथशाळेच्या बाई, चपलांवर लक्ष ठेवणारे काका, पाळकसाहेब आणि पाळकीणबाई. बुवांना ऐन वेळी मूठभर जिरं काढून देणारी मावशीही. ते जिरं नंतर फोडणीत गेलं, वाया गेलं नाही, हे तिने मला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

यंदा कमिटीपुढे मी ठराव ठेवला आहे: कीर्तन आधी, जेवण नंतर. पाळकसाहेब माझ्या बाजूने आहेत. आचारी म्हणतात, भाकरी गार होईल.